कढत पाण्याची अंघोळ आणि दहा मिनिटांची झोप

‘मॅडम, गरम पाण्याने अंघोळ केली की झोप लागते म्हणतात. मी तर रोज करते. मग मलाच का लागत नाही?’

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आलेल्या या ताईंचं वय पन्नाशीच्या पुढे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) आठ महिने डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्री अकराला गिझरच्या कढत पाण्याने अंघोळ, लगेच अंथरूण, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि मग दीड वाजेपर्यंत नुसतं कूस बदलणं.

मी त्यांना आधी शरीराचं सांगितलं. संध्याकाळनंतर आपल्या आतलं तापमान हळूहळू उतरू लागतं आणि झोप त्या उताराबरोबर येते. कोमट-गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता त्यांतून बाहेर पडते आणि शरीर निवतं. म्हणजे झोप आणतं ते हे निवणं. अंघोळ करून तडक आडवं झालं, तर अंग अजून तापलेलंच असतं. त्यात ठाण्याचा मे महिना आणि दमट हवा!

टेक्सासच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. झोपण्याच्या एक-दोन तास आधी, ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंघोळीची अगदी दहा मिनिटंही पुरतात, असं त्यांना आढळलं. झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते.

‘दहाच मिनिटं?’ ताईंचा चेहरा पडला.

मला तो पडलेला चेहरा महत्त्वाचा वाटला. अडीच तासांचं जागरण अंघोळीने सुटणार नव्हतं, आणि तसं खोटं आश्वासन मी देणार नव्हते. बोलता बोलता कळलं, की मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून त्या साडेनऊलाच पाठ टेकायच्या, ‘झोप चुकू नये’ म्हणून. मग दीड तासाने उठून अंघोळ, परत अंथरूण. मध्ये दहा वेळा घड्याळ. त्यांच्यासाठी पलंग म्हणजे काळजी करायची जागा झाली होती.

आम्ही ठरवलं: अंघोळ साडेनऊला, अंथरूण अकराला. झोप येत नाही असं वाटलं, तर घड्याळ न बघता उठून हॉलमध्ये मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत. सकाळी मात्र रोज सहालाच उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी बंद. याचा त्यांना सगळ्यात राग आला.

आणखी एक गोष्ट निघाली, तीही मी मुद्दाम लिहिते. त्यांच्या सासूबाईंना मधुमेह. पायाला मुंग्या येतात, चटका कळत नाही. सुनेची अंघोळ बघून त्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायच्या. ते मी त्याच दिवशी थांबवायला सांगितलं आणि डॉक्टरांना पाय दाखवायला पाठवलं. संवेदना कमी झालेल्या पायाला भाजलं तरी समजत नाही. पिशवी पायाशी घेऊन झोपणंही अशा माणसांना नको.

पहिले दहा-बारा दिवस ताई थकल्या, दोनदा मला फोनवर म्हणाल्या की हे जमणार नाही. सहाव्या आठवड्यात त्या बाराच्या आत झोपत होत्या, बहुतेक रात्री. मुलाचा फोन आला नाही त्या रात्री अजून जाग येते. तेव्हा त्या हॉलमध्ये येऊन बसतात. साडेनऊची अंघोळ त्यांनी सोडलेली नाही. म्हणाल्या, ‘दिवसभरातली तेवढीच पंधरा मिनिटं माझी असतात.’