शटर अर्ध्यावर येण्याआधी: पुण्यातल्या खरेदीचं उलटं वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारीत परदेशातून पुण्यात उतरणाऱ्या कुटुंबांची यादी साधारण ठरलेली असते. लग्नाच्या साड्या, एखादा दागिना, पितळी भातुकली, भाजणी, मेतकूट, बाकरवडी. हाताशी दोन-तीन आठवडे, त्यातल्या निम्म्या संध्याकाळी नातेवाइकांकडच्या जेवणांनी आधीच अडवलेल्या. मग खरेदी 'जाता जाता' रात्री आठनंतर उरकायची ठरते आणि लक्ष्मी रस्त्यावर पोचेपर्यंत दुकानांचे बाहेरचे दिवे मालवायला सुरुवात झालेली असते. आत शिरलात तर सहसा कुणी हाकलत नाही. पण खरेदी घाईची होते, नको ते गळ्यात पडतं आणि दुकानातल्या चार माणसांचं घरचं जेवण तासभर लांबतं.

पाटीवर 'रात्री ९' लिहिलं असेल तर ती आत शिरायची शेवटची वेळ नव्हे. ती दुकानातली माणसं घरी निघायची वेळ समजा आणि तिथून मागे मोजा. किती मागे, ते काय घ्यायचं यावर ठरतं. आयतं बांधलेलं पुडकं असेल तर दहा मिनिटं पुरतात. तवा, पातेलं, कुकर यांना अर्धा तास. दागिन्याला दीड तास. लग्नाच्या साड्यांना किमान तीन तास, आणि बरोबर आलेल्या चौघींचं एकमत व्हायचं असेल तर दुसरा दिवसही मोकळा ठेवा.

दुकान वाढवायच्या वेळी आत बरीच कामं चाललेली असतात. गल्ला मोजून नोटा-चिल्लर वेगळी करायची, कार्डाच्या मशीनचा दिवसाचा हिशोब काढायचा, यूपीआयची रक्कम बिलांशी ताडून बघायची, पुतळ्यांवरच्या साड्या उतरवायच्या, केर काढायचा. शटर अर्ध्यावर ओढतात ते यासाठीच: आत रोख रक्कम उघड्यावर असते. म्हणून वाकून आत डोकावणारं गिऱ्हाईक मालकाला नकोसं होतं, मग ते कितीही सभ्य असो. शिवाय विक्रीवरच्या मुली आणि पोरं राहतात कात्रज, धायरी, हडपसरला. रात्री उशिरा बसच्या फेऱ्या विरळ होतात आणि एक बस चुकली की पुढचं सगळं गणित कोलमडतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर घरापर्यंत पोचवायची सोय मालकाकडे. तेव्हा 'मालकाची काही हरकत नाहीये' हे उत्तर अपुरं आहे. हरकत कुणाची असू शकते, तर काउंटरमागे उभ्या असलेल्या ताईंची, आणि त्या बोलणार नाहीत.

पुण्यात ही दुकान बंद व्हायची वेळ दिवसातून दोनदा येते, हे परदेशात वाढलेल्या मुलांना सांगून ठेवा. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली, मोठी दालनंही दिवसभर उघडी असतात. पण पेठांतली घरगुती दुकानं, पुस्तकांची, पूजासाहित्याची, आयुर्वेदिक औषधांची, अजूनही एकच्या सुमारास बंद होऊन चार-साडेचारला उघडतात. मालक सकाळपासून बसलेला असतो, घर वरच्या मजल्यावर किंवा दोन गल्ल्या सोडून, पान वाढलेलं. पावणेएकला जाऊन 'जरा सगळं दाखवा' म्हणू नये.

यात तुमच्या झोपेचाही हात असतो. अमेरिकेहून आलेल्यांना पहिला आठवडाभर पहाटे तीनला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. त्यांनी अवघड खरेदी सकाळी दुकान उघडताच करावी. तेव्हा डोकं ठिकाणावर असतं आणि विक्रेताही ताजा असतो. लंडनहून आलेल्यांचं उलट. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, त्यामुळे ती मंडळी अकराला चहा पितात आणि बरोबर एकच्या ठोक्याला बंद दारापाशी पोचतात. त्यांना संध्याकाळी साडेचार ते सात ही वेळ बरी. गाडी काढू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला; मंडई स्थानकाला उतरलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. गाडी लावायला जागा शोधण्यात जाणारा पाऊण तास वाचतो, आणि बहुतेकांना उशीर होतो तो तिथेच.

आता साड्या. गादीवर बसून एक जण उलगडत असतो आणि मागे दुसरा घड्या घालत असतो. तो दुसरा माणूस गिऱ्हाइकाच्या नजरेत येत नाही. भरजरी साडीची घडी एकट्याला नीट जमत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, काठावर काठ बसवायचा, पदर वरच्या बाजूला राहील असं बघायचं, मगच दुमडायची. घाईत काठ तिरका दाबला गेला तर जरीवर मोड पडते आणि ती साडी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवताना खाली ठेवावी लागते. तुम्ही पन्नास साड्या उलगडायला लावून साडेआठला 'उद्या सांगतो' म्हणत उठलात, की त्या पन्नास घड्यांचं काम नऊनंतर होतं. म्हणून एक शिस्त पाळा. बंद व्हायच्या पाऊण तास आधी नवीन माल काढायला सांगणं थांबवायचं. समोरच्या ढिगातून तीन-चार बाजूला काढायच्या आणि बाकीच्या 'दादा, या आता आवरा' असं स्पष्ट सांगून मोकळ्या करायच्या. घडी घालणाऱ्याचं काम लगेच सुरू होतं आणि तुमचंही डोकं मोकळं होतं.

रात्रीच्या साडीखरेदीत फसगत होते ती रंगाची. दिव्याखाली मोरपंखी आणि गडद हिरवा, किरमिजी आणि वांगी जवळजवळ एक दिसतात. घरी सकाळी उघडल्यावर ब्लाउजचं कापड वेगळंच निघतं. दारापाशी उजेडात नेऊन बघायचा रिवाज सगळ्या दुकानांत चालतो, पण उजेड असला तर. नऊवारी घेत असाल तर लांबी समोर मोजून घ्या. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, आणि शेवटच्या क्षणी कुणी टेप काढत नाही. पिको-फॉलला एरवी एक-दोन दिवस, लग्नसराईत जास्त. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री घेतलेली साडी बिनफॉलची जाणार, हे धरूनच चाला.

व्हिडिओ कॉलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त खोळंबा त्याने होतो. पुण्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा. तिकडची बहीण निवांत, इकडचा विक्रेता ताटकळलेला. त्यापेक्षा संध्याकाळी पाच-सहाला जा. तिकडे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. विचारून फोटो काढा, प्रत्येक फोटोत किमतीची चिठ्ठी आली पाहिजे, आणि चर्चा घरी येऊन करा. निवडलेल्या साड्या 'उद्या दुपारपर्यंत बाजूला ठेवाल का?' असं विचारलं तर बहुतेक दुकानदार तयार असतात; थोडा विसार द्या आणि चिठ्ठीवर नाव, फोन, परत यायची वेळ लिहून घ्या. मग त्या वेळेला जा. न जाणार असाल तर फोन करा, म्हणजे तो माल पुन्हा मांडता येतो.

सोन्याच्या दुकानात उशिरा जाणं मला साड्यांपेक्षाही वाईट वाटतं. रात्री प्रत्येक ट्रेमधले नग मोजून, नोंदीशी ताडून मगच तो तिजोरीत जातो. तुमच्यासमोर दोन ट्रे उघडे असले की अख्खं काउंटर अडकून बसतं. तुमच्या बाजूनेही घाई परवडत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, लागतो; तो भिंगातून वाचायचा, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचा, वजन काट्यावर स्वतः बघायचं, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी बिलात वेगळे दिसतात का ते तपासायचं. दोन लाखांच्या वर पॅन लागतो आणि तेवढी रोख दुकानदाराला घेता येत नाही. परदेशी कार्डाने भरणार असाल तर खरी अडचण पुढे आहे: बँकेने व्यवहार अडवला तर पडताळणीचा संदेश तुमच्या तिकडच्या सिमवर जातो आणि ते सिम पाकिटात बंद पडलेलं असतं. मग तिकडच्या बँकेला फोन, 'मीच आहे' हे पटवणं, परत कार्ड लावणं. रात्री नऊला हे सुरू झालं की साडेनऊ वाजलेच. निघण्याआधी बँकेला प्रवासाचं कळवा, तिकडच्या सिमवर संदेश येतात का ते पुण्यात पोचल्या दिवशीच बघा, आणि एनआरओ खात्याला (अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांतल्या खात्याला) यूपीआय जोडलेलं असेल तर त्याची दिवसाची मर्यादा माहीत करून घ्या.

तुळशीबागेत गोष्ट निराळी. पथारीवाले माल चादरीत थरावर थर लावून बांधतात. एकदा गाठ मारली की ती सोडायला सांगू नये. बाहेर मांडलेलं आहे तेवढंच बघा, भाव करायचा तो एकदाच करा, सुटे पैसे जवळ ठेवा. भातुकली मात्र शेवटच्या अर्ध्या तासात मुळीच घेऊ नका. चूल, जातं, पोळपाट, लाटणं, पातेल्या आणि त्यांची इवलीशी झाकणं, सगळं एका पिशवीत ओतलं जातं आणि झाकणं एका संचातून दुसऱ्यात जातात. प्रत्येक झाकण आपल्या पातेल्यावर बसवून बघायचं, नग मोजायचे, जात्याचा खुंटा हलतो का बघायचं. याला वीस मिनिटं लागतात. बोस्टनला पोचल्यावर कळलेलं हरवलेलं झाकण परत मिळत नाही.

मंडईत उशिरा गेलं तर उलट बरं. उरलेली भाजी वाटे करून स्वस्तात निघते. फक्त वाट्याच्या भावात निवडून घेऊ नये, आणि अर्धी जुडी मागू नये. मावशींनी भाव आधीच उतरवलेला असतो; त्यावर आणखी घासाघीस करताना परदेशातून आलेला माणूस विशेष वाईट दिसतो.

शटर अर्ध्यावर असेल तर बाहेरूनच विचारा: 'काका, एकच वस्तू हवीय, अमुक मापाची, आता देता का उद्या येऊ?' यात वस्तू, माप आणि नकाराची मोकळीक तिन्ही आलं. 'पाच मिनिटंच' हा शब्दप्रयोग टाळा, तो रोज दहा जण वापरतात. 'उद्या या, निवांत दाखवतो' हे उत्तर आलं तर राग मानू नका. तो प्रामाणिक सल्ला असतो. औषधाचं दुकान याला अपवाद, तिथे संकोच नको. मिठाईच्या दुकानातही बांधलेलं पाकीट दहा मिनिटांत मिळतं, पण सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. विमानातून नेणार असाल तर ती वाचूनच घ्या.

आणि हे फक्त पुण्यापुरतं नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, इंग्लंडात मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास विक्री करता येते. हे नियम आपली मंडळी बिनतक्रार पाळतात. तिथल्या सुपरमार्केटमध्ये बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी भरलेली गाडी घेऊन कुणी रांगेत उभं राहत नाही. तीच माणसं गल्लीतल्या देशी वाण्याकडे मात्र दार लावताना शिरतात, कारण 'तो आपलाच माणूस'. मुलांना हे खटकतं, आणि मुलांचं बरोबर असतं.

दिवसांचंही भान ठेवा. लक्ष्मी रस्त्यावरच्या अनेक दुकानांना सोमवारी सुट्टी असते. निघण्याआधी फोन करावा. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणूक त्याच रस्त्याने जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा ते दोन्ही दिवस यादीतून वगळा. बदलून घ्यायची वेळ अनेक ठिकाणी बिलामागे छापलेली असते, बहुधा गर्दी नसतानाची. माल सदोष निघाला तर २०१९ चा ग्राहक कायदा तुमच्या बाजूने आहे, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. पण परतीचं विमान चार दिवसांवर असेल तर कायद्यापेक्षा खरेदी लवकर केलेली बरी.

राहिली भाजणी. गिरणीवाल्याकडे शेवटच्या अर्ध्या तासात डबा नेला तर आधी पडलेल्या धान्यावरच ती दळली जाते, कारण जातं पुन्हा साफ करायला तो थांबणार नाही. भाजलेली धान्यं पूर्ण गार करून सकाळी न्या, कशावर दळायची ते डब्यावर चिठ्ठी लावून सांगा. पीठ गरम असताना पिशवीत भरू नका, नाहीतर आत घाम धरतो. कागदावर पसरून निववा, मग बांधा.