एकमेकांची वाट पाहा

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुझे पत्र मिळाले. बीडकडच्या मंडळीत पाळक म्हणून रुजू होताना, वर्गात शिकलेले ईश्वरविज्ञान गावच्या जगण्यात कसे उतरवायचे, असे तू विचारतेस. माझे सांगणे असे की सुरुवात प्रभुभोजनाच्या मेजापासून कर.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय आपण भाकर मोडताना वाचतो, पण बहुधा 23 व्या वचनापासून. त्याआधीची वचनेही वाचत जा. ज्यांच्याजवळ आहे ते आधीच जेवून घेतात आणि ज्यांच्याजवळ नाही ते भुकेले राहून लाजतात, म्हणून पौल तिथे संतापला आहे. अध्याय संपता संपता तो एकच उपाय सांगतो : एकमेकांची वाट पाहा.

दिवाळीच्या आसपास तुझ्या मंडळीतल्या कितीतरी घरांना कुलपे लागतील. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवराबायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो आणि नाताळ उसाच्या फडातच निघून जातो. मी अनेक वर्षे नाताळचे प्रभुभोजन भरल्या मंदिरात दिले आणि समाधान मानले. एका चैत्रात परतलेली एक बाई दाराशी उभी राहून म्हणाली, "पाळकसाहेब, आमचा नाताळ कधी?" तिच्या तळहातांना उसाच्या पाचटाने चिरा पडलेल्या होत्या. त्या दिवशी मला पौलाचा राग कळला. पुढच्या वर्षी मी भाकर आणि प्याला घेऊन कारखान्याच्या तळावर गेलो. रात्री उशिरा गाड्या खाली झाल्यावर एका कोपीसमोर, म्हणजे ऊसतोडकऱ्यांच्या झोपडीसमोर, चुलीच्या उजेडात आम्ही ते भोजन घेतले. तोवर सगळे थांबले होते, लेकरेसुद्धा.

'शब्द देही झाला', म्हणजे देव ख्रिस्तात माणूस झाला, हे वचन तू परीक्षेत उत्तम लिहिले असशील. आता ते देहांसाठी वापर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला 2019 मध्ये समिती नेमावी लागली. पुरुष पाळकाला बायका जे सांगत नाहीत, ते तुला सांगतील. ऐकून केवळ प्रार्थना करून उठू नकोस. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला त्यांच्याबरोबर जा आणि उचलीचा हिशोब त्यांच्या शेजारी बसून वहीत मांड. लेवीयच्या 25 व्या अध्यायातील योबेल वर्ष, म्हणजे सुटकेचे पन्नासावे वर्ष, हे कर्जापायी जमीन आणि स्वातंत्र्य गमावलेल्यांसाठीच सांगितले आहे, हे उपदेशात उघडपणे बोल.

जातीविषयी थोडेच लिहितो, कारण ते तू पाहशीलच. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले, जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली आणि तिथे मातंग कुटुंबांनी घरे केली. तो वारसा आपला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. पुढे शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या मिळाल्या. या अन्यायाविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण सोयरीक जुळवताना आपलीच माणसे हळूच जुनी जात विचारतात, तेव्हाही तितक्याच स्पष्टपणे बोल.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर जाते, ते घरोघरी विचारून लिहून ठेव. नाताळला मी येईन. थरमास आणि चटया मी आणतो, भाकर तू भाज.

तुझा,
एक वृद्ध पाळक, जालना