फोर बाय फोर आणि एटीव्ही दोन्ही नेता येतील अशी देखणी ऑफ-रोड वाट कशी निवडावी?

तुमच्याकडे एक फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी जीपसारखी गाडी) आणि एक एटीव्ही (मोटारसायकलसारखं हँडल आणि फुगीर टायर असलेली छोटी चारचाकी) आहे, दोन्ही चालवायला लागून जेमतेम वर्ष झालंय, आणि डोंगरदऱ्या बघत दोन-तीन दिवस एकत्र फिरता येईल अशी वाट हवी आहे. फोटो बघून तुम्ही रुबिकॉन आणि व्हाइट रिम ही दोन नावं काढली आहेत. दोन्ही वाटा जगभर नावाजलेल्या आहेत आणि दोन्ही मी तुम्हाला आज सुचवणार नाही. त्यांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

आधी माझं ठाम मत सांगतो. चालवणाऱ्याची नजर जिथे मोकळी राहते, ती वाट देखणी. कुवतीच्या टोकाची वाट घेतली की चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढचे चार हात दिसतात आणि बाकीचं सगळं शेजारी बसलेला बघतो. मी शिकत होतो तेव्हा एक नावाजलेली कड्यावरची वाट घेतली होती. त्या दिवसातलं मला आजही काय आठवतं, तर डाव्या चाकासमोरचे दगड आणि हाताला फुटलेला घाम. वाटेच्या खाली निळंशार तळं होतं, हे मला घरी आल्यावर बायकोने काढलेल्या फोटोंतून कळलं. तेव्हापासून नियम केला: निसर्ग बघायला जायचं असेल तर आपल्याला जमतं त्याच्या एक पायरी खालची वाट घ्यायची. कसोटी बघायची असेल तर तो दिवस वेगळा ठेवायचा.

आता अवघडपणा मोजायचा कसा? वाटांना १ ते ५ किंवा १ ते १० असे आकडे दिलेले असतात, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकाचा ३ दुसऱ्याचा ५ असतो. म्हणून आकड्यापेक्षा त्या वाटेवरची सर्वांत वाईट जागा शोधा. तीस किलोमीटरपैकी एकोणतीस किलोमीटर मऊ माती असेल आणि एकाच ठिकाणी अर्ध्या मीटरची दगडी पायरी असेल, तर तुमच्यासाठी ती वाट त्या पायरीइतकीच अवघड. आणि ती जागा वाटेच्या सुरुवातीला आहे की शेवटी, हेही बघा. पहिल्याच दोन किलोमीटरमध्ये असेल तर बरं. नाही जमलं तर मागे फिरता येतं. पंचविसाव्या किलोमीटरला, दिवस कलताना, टाकी अर्ध्यावर आलेली असताना तीच पायरी समोर आली की माणसं नको ती जोखीम घेतात.

रुबिकॉन इथेच बाद होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली ही वाट साधारण ३५ किलोमीटरची, पण त्यातला बराच भाग म्हणजे ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा ढीग. तिथे मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, डिफरेन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) आणि पोटाखाली लोखंडी पत्रा लावलेल्या गाड्या जातात, त्याही रांगत. परिसर अप्रतिम आहे, पण चालवणाऱ्याचा दिवस दगड वाचण्यात जातो. कंपनीतून आली तशी गाडी तिथे घातली तर पत्रा चेपणार हे धरूनच चाला.

व्हाइट रिम अगदी उलट. अमेरिकेतल्याच युटाह राज्याच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातली साधारण १६० किलोमीटरची ही वाट लो रेंज (हळू पण जास्त ताकदीने चालवणारे गिअर) आणि चांगला ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) असलेल्या फोर बाय फोरला दोन-तीन दिवसांत आरामात होते. अवघडपणा मध्यम आहे, चार-दोन चढ सोडले तर नजर कितीही लांब फिरवता येते. मग अडचण काय? त्या उद्यानात एटीव्हीला बंदी आहे. शिवाय एका दिवसासाठी जायचं असलं तरी आधी परमिट काढावं लागतं. म्हणजे तुमची अर्धी मंडळी दारातच थांबणार.

म्हणून तुमच्यासारख्या मिश्र ताफ्याने देखावा बघायच्या आधी परवानगी बघायला हवी. ती दोन्ही बाजूंनी अडते. अमेरिकेत वन विभागाच्या बऱ्याच पायवाटांसारख्या अरुंद वाटांवर ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा असते. तिथे एटीव्ही जाते, जीप नाही. युटाहच्या पायूट एटीव्ही ट्रेलवर असे तुकडे आहेत. काही ठिकाणी याच्या उलट. वन विभागाचा मोटारवाहन वापराचा नकाशा फुकट मिळतो आणि त्यात कुठली वाट कुठल्या वाहनाला, वर्षाच्या कुठल्या काळात खुली आहे हे दिलेलं असतं. दुसऱ्या देशात जाल तर ती जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा नकाशा बघा. मोबाईलच्या ॲपवर रेघ दिसली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ती रेघ कुणाच्या तरी चुकीच्या फेरीचीही असू शकते. आइसलँडमध्ये तर रस्ता सोडून बाजूला गाडी घालणं हाच गुन्हा आहे. तिथे एफ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते फोर बाय फोरसाठी आहेत, पण त्यांवरही रस्ता सोडायचा नाही.

यानंतर मी जे बघतो ते फार कमी लोक बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही वाट मुळात कशासाठी काढली होती? याचं उत्तर मिळालं की निम्मी वाट घरबसल्या कळते. जुन्या खाणींचे रस्ते मला सर्वांत आवडतात. खनिज भरलेल्या गाड्या जनावरांनी ओढायच्या, त्यामुळे चढ बेताचा ठेवावा लागे, आणि खाणी उंचावर असल्यामुळे रस्ता थेट माथ्यापर्यंत जाई. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला अल्पाइन लूप असाच आहे. व्हाइट रिमची वाटही १९५० च्या दशकातल्या युरेनियमच्या शोधातून निघाली. लाकूडतोडीचे रस्ते चालवायला सोपे असतात, पण तासन्‌तास दोन्ही बाजूंना झाडांची भिंत. देखावा दिसतो तो फक्त जंगल तोडलेल्या पट्ट्यात. विजेच्या तारांखालचे रस्ते टाळा. तारा सरळ रेषेत जातात म्हणून खालचा रस्ताही डोंगराला वळसा न घालता सरळ चढतो आणि सरळ उतरतो. नदीकाठच्या वाटा सावलीच्या आणि गारव्याच्या, पण पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं.

नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाट असतील आणि वाट त्यांना समांतर जात असेल, तर ती कड्याच्या अंगाने कोरलेली वाट. देखावा तिथेच सर्वांत जास्त, आणि समोरून गाडी आल्यावरचा पेचही तिथेच. शिस्त अशी की चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, पण मागे घ्यायला जागा कुणाजवळ आहे ते बघून समजुतीने ठरवायचं असतं. एटीव्ही सहज कडेला घेता येते, जीपला मात्र मागे जावं लागतं. उपग्रहाच्या चित्रात दर काही अंतरावर रस्ता फुगलेला दिसतो का ते शोधा. गाड्या एकमेकींना ओलांडायच्या जागा त्याच. मी त्या मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. कोलोरॅडोतल्या ब्लॅक बेअर पास या खिंडीचा टेल्युराइड गावाकडचा उतार तर एकेरीच आहे. तिथे शिरलात की विचार बदलायची सोय नाही.

पाण्याच्या बाबतीत शब्द एटीव्हीचा चालतो, जीपचा नाही. तिचे फुगीर टायर पाण्यात तरंगायला लागतात आणि वजन कमी, त्यामुळे जी धार जीप सहज पार करते ती एटीव्हीला बाजूला ढकलते. ओढा आला की मी उतरतो, काठी घेऊन आधी चालत जातो. गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा पाय रोवून उभं राहायला जोर लावावा लागत असेल तर एटीव्ही नेत नाही. तळाशी गोटे आहेत की गाळ, पलीकडचा काठ किती उभा आहे, हे सगळं पायांना कळतं. गाडीत बसून पाण्याचा फक्त रंग दिसतो. हिमनदीतून येणारे ओढे सकाळी कमी असतात आणि दुपारी बर्फ वितळलं की वाढतात. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतताना वाट अडवू शकतो.

ऋतू आणि दिशा यांनी तीच वाट पार बदलते. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर जून उजाडला तरी बर्फ असतं, आणि उन्हाळ्यात दुपारी विजा होतात, म्हणून माथा दुपारच्या आत गाठायचा. ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात ११०० हून जास्त वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. त्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा उभा, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की चढ सोपे पडतात. उन्हाळ्यात ते वाळवंट बंदच ठेवतात. उजेडाचाही विचार करा: संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून धुळीने माखलेल्या काचेतून चालवलं तर ना रस्ता दिसतो ना देखावा. पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी धूळ बसलेली असते आणि लांबची शिखरं धुतल्यासारखी दिसतात. वाट वाळूची किंवा मुरमाची असेल तर तो दिवस सोडू नका. चिकणमातीची असेल तर मात्र सुकेपर्यंत पाऊलही टाकू नका, कारण गाडी घसरते आणि पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे सगळ्यांना छळतात.

फोटोसाठी वाट सोडू नका हे कळकळीने सांगतो. कोरड्या प्रदेशात जमिनीवर काळपट, खडबडीत खपली दिसते. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलांनी मातीचे कण बांधून धरलेले असतात. एक चाक फिरलं की ती मोडते आणि भरून यायला कित्येक दशकं लागतात. गाडी उभी करायला आधीच मोकळी केलेली जागा शोधा आणि तिथून चालत जा.

तर तुमच्यासाठी मी अल्पाइन लूपसारखी वाट निवडेन. साधारण १०५ किलोमीटर, जुने खाणरस्ते, एटीव्ही आणि फोर बाय फोर दोन्हींना मुभा, वाटेत ओस पडलेली खाणीची गावं, आणि सिनॅमन व एंजिनियर हे दोन माथे सुमारे ३,८५० आणि ३,९०० मीटरवर. जुलै ते सप्टेंबर हा काळ धरा. सिनॅमन दोघांत सोपा, म्हणून पहिल्या दिवशी तेवढाच करा, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी एंजिनियर. वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटर धरून हिशेब मांडा आणि थांबायचा वेळ त्यात वेगळा मिळवा. एटीव्ही पुढे ठेवा म्हणजे चालवणाऱ्याला जीपची धूळ खावी लागणार नाही, आणि दोर, हवा भरायचा पंप, जास्तीचं इंधन घेऊन जीप मागून येईल. व्हाइट रिम पुढच्या वर्षी करा, एटीव्ही घरी ठेवून. परमिटसाठी मात्र बरेच महिने आधी लागा.