स्टेनलेस स्टीलला वेल्डिंग सावकाश केलं तर जॉइंट जास्त मजबूत होतो का?

नाही होत. "सावकाश चालव, पेनिट्रेशन चांगलं बसेल" (म्हणजे वेल्ड खोलवर जाईल) हेच ऐकून माझ्या हातून एक अख्खी टाकी वाया गेलीय, म्हणून लिहितोय.

भोसरीत टिग वेल्डिंगवर होतो. डेअरीची टाकी, 6 एमएम प्लेट, स्टेनलेसची साधी 304 ग्रेड, कमी कार्बनची एल ग्रेड नाही. माझा हात मिनिटाला साधारण 100 एमएम चालायचा, 120 अँपिअर, 12 व्होल्ट. सुपरवायझर साहेब मागे उभे राहून स्पीड कमी कर, अजून कमी कर, असं करत मला 60 वर आणलं. हिशोब करा, दर एमएमला 0.86 किलोज्यूल उष्णता जात होती ती 1.44 झाली. त्यात डिलिव्हरीची घाई, मी म्हणलं साहेब प्लेटला हात लावता येत नाही, दहा मिनिटं गार होऊ द्या, तर नाही, लगेच पुढचा पास, म्हणजे वेल्डचा पुढचा थर, मार.

बेंड टेस्ट पास, पाण्याची टेस्ट पास. आठ महिन्यांनी डेअरीतून फोन आला. बॅटरी घेऊन टाकीत उतरलो तर बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, एकदम शाबूत, पण बीडच्या दोन्ही अंगाला पाचेक एमएम सोडून बीडला समांतर एक मळकट रेघ, नख फिरवलं तर खरबरीत लागत होती, आणि दोन जागी बाहेरून पाझर.

304 साधारण 450 ते 850 डिग्रीत जास्त वेळ राहिलं की कार्बन क्रोमियमला धरतो, ग्रेनच्या (धातूतल्या बारीक कणांच्या) कडेला कार्बाइड बनतं आणि गंज रोखणारं क्रोमियम तिथंच कमी पडतं. सीआयपीला, म्हणजे टाकी न उघडता आतून धुताना, फिरणारं गरम नायट्रिक अ‍ॅसिड नेमकी तीच कड खातं. प्लेट वाकवून हे कळणारच नाही. शिवाय सावकाश गोठलेल्या वेल्डचे ग्रेन जाड होतात, त्याने स्ट्रेंथ थोडी घटतेच. आणि स्टेनलेस उष्णता लवकर पुढे सोडत नाही, फुगतं एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) जवळपास दीडपट, म्हणजे प्लेट वाकडी होणार ते वेगळंच.

रिपोर्टात काय आलं? "वेल्डरची चूक". स्पीड कोणी कमी करायला लावला त्याचा एक शब्द नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, स्पीड तोंडी घ्यायचा नाही, डब्ल्यूपीएसवर, म्हणजे वेल्ड कसं मारायचं त्या कागदावर, लिहून मागायचा, खाली सहीसकट.

हां, याचा अर्थ पळवत सुटा असा नाही. फार जोरात गेलात तर अंडरकट येतो म्हणजे बीडच्या कडेला खाच पडते, मुळात फ्यूजन होत नाही म्हणजे धातू एकजीव होत नाही, वितळलेला धातू मागे शेपटीसारखा लांबतो आणि बरोबर मधोमध क्रॅक जाऊ शकतो. आणि प्लेट 304एल असेल, म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत, तर माझ्यासारखी रेघ सहसा येत नाही. तुम्ही ग्रेड लिहिलाच नाहीये, आधी तो बघा. साधी 304 असेल तर दोन पासच्या मध्ये प्लेट 150 डिग्रीच्या खाली आल्याशिवाय टॉर्च उचलू नका, मागे कोणीही उभं असू दे.