मॉडेलिंगमध्ये करिअर किती वर्षं टिकतं? त्यासाठी बी.कॉम. अर्धवट सोडावं का?

रॅम्पवर म्हणशील तर तिशीपर्यंत, तेही नशीब असेल तर. कॅटलॉग आणि जाहिरातींत जास्त. चाळिशीनंतर विम्याच्या नि खाद्यतेलाच्या जाहिरातींत आईची कामं येतात. बी.कॉम.चं नंतर बघू. पण प्रश्नाखाली तू लिहिलंयस, "बाबा म्हणतात, मधू सप्रेचं काय झालं बघ." हेच वाक्य माझ्या काकांनी मला ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

बघूच काय झालं. नागपूरची मुलगी, मुळात खेळाडू. 1992 ला मिस इंडिया, त्याच वर्षी बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये तिसरी. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, या प्रश्नावर तिने क्रीडासंकुल बांधेन म्हटलं आणि त्या उत्तराने मुकुट गेला असं लोक आजही सांगतात. मग 1995 ची मिलिंद सोमणबरोबरची बुटांची जाहिरात. अंगावर बूट आणि अजगर, बाकी काही नाही. अश्लीलतेचा खटला 14 वर्षं चालला, 2009 ला निर्दोष सुटका झाली. मधल्या काळात सोमण टीव्ही मालिकेतला 'कॅप्टन व्योम' झाला आणि 2015 मध्ये, पन्नाशीला टेकलेला असताना, झुरिचला पोहणं, सायकल आणि धावणं अशी आयर्नमन शर्यत पुरी केली. मधू लग्न करून इटलीत स्थायिक झाली. यात वाटोळं कुणाचं झालं?

माझं मात्र झालं होतं, आणि तेही अंगभर साडी नेसून. सुरतच्या एका व्यापाऱ्याचं कॅटलॉग. दिवसभर साड्या बदलायच्या, ब्लाऊज एकाच मापाचे, म्हणून पाठीला चिमटे लावून उभं राहायचं. पैसे ठरले फक्त कॅटलॉगचे, तेही तोंडी. काही महिन्यांनी कोल्हापुरात काकांना स्टँडजवळ माझं भलंमोठं होर्डिंग दिसलं. घरी येऊन जे सुरू झाले! "पोरगी चौकात टांगली." त्यांना लाज वाटत होती, माझ्या डोक्यात एकच, होर्डिंगचे पैसे कुठायत? काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरने हात वर केले. व्यापाऱ्याने फार मागे लागल्यावर दोन साड्या पाठवल्या. त्यातली एक काकूने गौरीला नेसली आणि काकांनी "छान दिसतेस" म्हटलं. हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा बाबांना सांग, या धंद्यात मुली अब्रूपायी बुडत नाहीत, थकलेल्या बिलांपायी बुडतात. पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात आणि अंधेरीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. फोटो कुठे, किती महिने वापरणार, हे कागदावर घेतल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभी राहू नकोस. पोर्टफोलिओसाठी, म्हणजे दाखवायच्या फोटोंच्या संचासाठी, आधी लाखभर मागणाऱ्या एजन्सीला सरळ नमस्कार कर. आणि शोस्टॉपर, म्हणजे फॅशन शोच्या शेवटी येणारी मुख्य मॉडेल, व्हायची स्वप्नं बघू नकोस. ती जागा सिनेमातल्या बाईसाठी राखीव असते.

हे सगळं माझ्या वेळचं, हेही खरं. आता बरंच काम ई-कॉमर्सचं आहे, इन्स्टाग्रामवरून थेट मिळतं, त्यातलं मला फारसं कळत नाही. तुझ्या 5 फूट 5 इंच उंचीवर रॅम्प अवघड, कॅटलॉगला चालेल.

बी.कॉम. पुरं कर. काकांसारख्यांसाठी नाही, टीडीएस, म्हणजे तुझ्या पैशांतून आधीच कापायचा कर, कापला म्हणून सांगून भरलाच नाही तर ते प्राप्तिकर खात्यातल्या तुझ्या नोंदींत तपासता यावं म्हणून.