मे महिन्यातला विक्रमी पाऊस आणि 1918 सालची नोंद

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मे 2025 मध्ये मुंबईत पडलेला पाऊस खरंच विक्रमी होता का, आणि मॉन्सून लवकर आला की पाऊसकाळ चांगला जातो का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

मे म्हणजे मुंबईत एरवी वळवाच्या एखाद-दोन सरी. 2025 मध्ये मात्र 26 मेपर्यंतच मुंबईतल्या कुलाबा हवामान केंद्राची महिन्याची बेरीज 295 मिमीवर गेली आणि 1918 चा 279.4 मिमीचा विक्रम मोडला. त्याच दिवशी मॉन्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची तारीख 11 जून. त्याआधीची सर्वांत लवकरची 29 मे. दोन दिवस आधी अरबी समुद्रातली कमी दाबाची प्रणाली रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आली होती, तिनंही त्याला जोर दिला.

‘सरासरीच्या इतके पट’ अशा बातम्या वाचताना जपा. मे महिन्याची सरासरीच एवढीशी असते, की एका दिवसाच्या मुसळधार पावसानं टक्केवारी कुठल्या कुठे जाते. तेवढाच पाऊस जुलैत पडला तर कोणी दखलही घेणार नाही.

मी स्वतः अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करतो. सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, काचेला चिकटून वर चढलेली पाण्याची कड सोडायची आणि मधली खोलगट पातळी वाचायची. साडेआठनंतर पडलेला थेंब उद्याच्या खात्यात. ‘काल किती पडला’ याचे दोन आकडे जुळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता 1918 कडे या. त्या वर्षी मॉन्सून केरळात 11 मे रोजी आला. इतका लवकर तो त्याआधी किंवा नंतर कधीच आलेला नाही. मुंबईत मे महिन्यात पावसाचा विक्रम झाला. आणि पुढे? देशभरात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 25 टक्के कमी पडला, भीषण दुष्काळ पडला. 1972 साली उलट झालं: मॉन्सून केरळात 18 जूनला, फारच उशिरा आला, आणि त्या दुष्काळाच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी आहेत. सर्वांत लवकर आलेल्या वर्षीही दुष्काळ, उशिरा आलेल्या वर्षीही दुष्काळ!

म्हणून 2025 च्या मे महिन्यात पाऊस बघून पेरणीची घाई करणाऱ्या माझ्या भावकीतल्यांना मी हात जोडून थांबवत होतो. रोहिणी नक्षत्रात रान ओलं झालं होतं खरं, पण वापसा नव्हता, म्हणजे माती पेरणीजोगी सुकली नव्हती. आणि मेअखेरीस मॉन्सून अडला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. ज्यांनी पेरलं होतं ते रोज आभाळाकडे बघत बसले.

तुमच्या गावाजवळच्या केंद्राच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर एकट्या मे महिन्याचा आकडा पाहू नका. त्याच वर्षीचे जून ते सप्टेंबरचे आकडेही शेजारी मांडून बघा.