मिठी मारली की माझा कुत्रा तोंड फिरवतो. त्याला माझा लळा लागला नाही का?

दीड वर्षाचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, दत्तक घेऊन चार महिने, घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर घर. मिठी मारली की तोंड फिरवून जांभई देतो आणि लिफ्टमध्ये शेपूट पायात घालतो, असं तुम्ही लिहिलंय. लळ्याचा निकाल मिठीवरून लावू नका. वरून वाकून गळ्यात हात टाकले की कुत्र्याला निसटायला वाट उरत नाही. झोप आलेली नसताना जांभई, नाकावरून झटकन फिरलेली जीभ, डोळ्याच्या कडेला दिसणारं पांढरं, या सगळ्याचा अर्थ ‘जरा सोड’ एवढाच.

त्याऐवजी जमिनीवर थोडं तिरकं बसा आणि त्याला स्वतःहून येऊ द्या. आला की छातीवर किंवा कानामागे तीन-चार सेकंद खाजवा आणि हात मांडीवर घ्या. नाकाने हात ढोसला, पंजा ठेवला, अंगाचा भार तुमच्यावर टाकला तर आणखी हवंय. भिजल्यासारखं अंग झटकून निघून गेला तर पुरे झालं. मागे जाऊ नका.

इंडीचं शेपूट मुळातच पाठीवर वळलेलं असतं, त्यामुळे ‘शेपूट वर म्हणजे खूश’ हा हिशेब इथे फसतो. तुम्ही घरी आल्यावर कंबरेसकट मागचं अंग हलतंय, कान सैल मागे पडलेत, तोंड अर्धवट उघडं आहे, ही खरी ओढ. शेपूट ताठ, फक्त टोक भरभर हलतंय आणि तोंड घट्ट मिटलेलं असेल तर हात लांब ठेवा. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, असं इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. पण ते चित्रीकरणावरून मोजून. घरी नुसत्या डोळ्यांनी ते ओळखायच्या भानगडीत पडू नका.

लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात घ्या, तुम्ही त्याच्या आणि माणसांच्या मध्ये उभे राहा, पट्टा सैल ठेवा. गर्दी असेल तर ती लिफ्ट सोडा. घाबरून तो तुमच्याच पायांमागे शिरत असेल तर त्याचा तुमच्यावर विश्वास बसलाय. गुरगुरला तर ओरडू नका. ती सूचना दाबली की पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो.

आणि आवडीने खाजवून घेणारा कुत्रा अचानक अंग चोरायला लागला तर आधी दुखणं शोधा. आपल्याकडे पावसाळ्यात कान ओलसर राहून चिघळतात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बसतात. कानाला घाण वास किंवा आत काळपट मळ असेल तर घरगुती तेल घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.